दिल्लीतला युक्तिवाद आणि धुळे-जळगावची निशाणी

२७ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांची, म्हणजे घटनेचे मोठे प्रश्न ऐकणाऱ्या पाच किंवा अधिक न्यायमूर्तींच्या पीठांची, सुनावणी पहिल्यांदा थेट प्रक्षेपित झाली. त्यातली एक शिवसेनेतल्या फुटीची होती, म्हणून आमच्या जळगावात चहाच्या टपरीवरसुद्धा लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. सिनेमातल्या कोर्टाची सवय असलेल्यांची निराशाच झाली. कुणी टेबलावर हात आपटेना, कुणी लांबलचक भाषण करेना. वकिलानं दोन वाक्यं बोलावीत, न्यायमूर्तींनी मध्येच प्रश्न विचारावा आणि मग सगळ्यांनी मिळून कुठलंसं पान उघडावं. ‘एवढे मोठे वकील, आनि नुसतं पान उलटी राह्यनात,’ असं शेजारचा म्हणाला. निरीक्षण अगदी बरोबर होतं. ती पानं तिथवर कशी पोचतात, हीच सर्वोच्च न्यायालयातल्या युक्तिवादाच्या तयारीची खरी कथा आहे, आणि तिचा बराचसा भाग दिल्लीबाहेर घडतो.

इंग्रजी अमदानीत शेवटचं न्यायालय दिल्लीत नव्हतंच, ते लंडनमध्ये होतं, त्याचं नाव प्रिव्ही कौन्सिल. १९०६पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा, धुळे त्याचं ठाणं. मग पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. इथला जमिनीचा दावा मुंबई उच्च न्यायालयात गेला, तिथंही वाद मिटला नाही आणि दाव्याची किंमत दहा हजार रुपये किंवा अधिक असली, तर प्रिव्ही कौन्सिलची वाट खुली होती. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा तसा दंडक होता. त्या काळी दहा हजार म्हणजे मोठीच इस्टेट. साक्षी, खतं, निकाल हे सगळं इंग्रजीत छापून बोटीनं जाई. तिकडचा बॅरिस्टर तापी कुठून वाहते हे न पाहता, केवळ त्या छापील कागदांवर बोले. पक्षकार समोर नाही, मूळचा वकील समोर नाही. जे छापलं गेलं नाही, ते त्या खोलीपुरतं घडलंच नाही.

१० ऑक्टोबर १९४९ला प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार संपला. २६ जानेवारी १९५०ला सर्वोच्च न्यायालय अस्तित्वात आलं आणि दोन दिवसांनी त्याचं उद्घाटन झालं. सुरुवातीला सरन्यायाधीश धरून आठ न्यायमूर्तींची तरतूद होती आणि बसायची जागा संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या, म्हणजे संस्थानिकांच्या सभेच्या, दालनात होती. टिळक मार्गावरची आजची इमारत १९५८मध्ये वापरात आली. बोटीची जागा आगगाडीनं घेतली. भुसावळला पंजाब मेल पकडायची आणि फायलींचं गाठोडं बर्थखाली सरकवायचं. कागदावर बोलण्याची रीत मात्र लंडनहून जशीच्या तशी आली. ‘पेपरबुक’, म्हणजे खटल्याच्या कागदांचा बांधलेला संच, हा शब्द आजही चालतो, त्यामागं हीच परंपरा आहे.

कामाची वाटणीसुद्धा त्याच घराण्यातली. पहिल्या काळात कागद दाखल करणारे ‘एजंट’ वेगळे आणि उभे राहून बोलणारे वेगळे. पुढे एजंटांच्या जागी ‘ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ आले. आज सर्वोच्च न्यायालयात वकीलपत्र फक्त तेच दाखल करू शकतात. त्यासाठी चार वर्षांची वकिली, नंतर वर्षभर अशाच एखाद्या वकिलाकडे उमेदवारी आणि चार पेपरांची परीक्षा लागते. शिवाय ऑफिस न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत हवं. आता अमळनेर किंवा शहाद्याच्या वकिलानं १६ किलोमीटरची अट पाळायची म्हणजे घर विकूनच जायला हवं! दुसऱ्या टोकाला ज्येष्ठ वकील, म्हणजे ‘सीनियर’. १९६१च्या वकील अधिनियमानं हा वर्ग वेगळा केला. त्यांना पक्षकाराकडून थेट काम घेता येत नाही आणि ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड सोबत असल्याशिवाय तिथं उभंही राहता येत नाही.

म्हणजे आमच्याकडच्या वकिलाला दिल्लीत दोन दरवाजे ओलांडावे लागतात. पण सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी सीनियरच्या ऑफिसात जी बैठक बसते, जिला सगळे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात, तिथं फोन त्यालाच लागतो. साक्षीदारानं उलटतपासणीत हे कबूल केलंय का? निशाणी ३२वरच्या, म्हणजे पुराव्यात ३२ क्रमांक मिळालेल्या कागदावरच्या, सहीला आपण हरकत घेतली होती का? रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, त्या दिवशी काय लिहिलंय? याची उत्तरं ज्यानं खटला चालवला त्याच्याचकडे असतात. कॉन्फरन्समध्ये ज्युनियर वकील न्यायमूर्तींसारखे आडवे प्रश्न टाकतात, सीनियर उत्तरं देऊन पाहतो, आणि ज्या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघतात तिथं खूण करून ठेवतात.

खालच्या कोर्टात न आलेला पुरावा वर आणता येत नाही, हा नियम. अपवाद आहेत, पण अवघड. याचं एक जुनं उदाहरण जळगावचंच आहे. खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स विरुद्ध राष्ट्रीय गिरणी कामगार संघ, जळगाव, हा बोनसचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल छापणाऱ्या ‘एआयआर’च्या (ऑल इंडिया रिपोर्टर) १९६०च्या खंडात पान ५७१वर छापला गेला. गिरणी म्हणायची, आमची राखीव रक्कम आम्ही खेळतं भांडवल म्हणून वापरली, तेव्हा तिच्यावरचा परतावा आधी वजा करा, मग बोनस काढा. प्रश्न आकडेमोडीचा वाटतो. न्यायालयानं तो पुराव्याचा केला. ताळेबंदात आकडा लिहिला म्हणून तो सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रतिज्ञापत्र द्या, माहितगार माणूस उभा करा आणि त्याची उलटतपासणी घ्यायची खरी संधी कामगारांना द्या, असं ठरलं. पुढे कितीतरी बोनसच्या प्रकरणांत या निकालाचा दाखला दिला गेला. गिरण्यांचे भोंगे बंद पडले, पण जळगावचं नाव विधी-अहवालांत राहिलं. (खानदेशी माणूस वकील म्हटलं की उज्ज्वल निकमांचं नाव घेतो. तेही मूळचे खालच्या कोर्टात पुरावा उभा करणारे वकील, हे इथं आठवतंच.)

पुराव्याबरोबर भाषा आली. घटनेच्या अनुच्छेद ३४८नं संसद वेगळं ठरवेपर्यंत सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी ठेवली आहे. आमच्याकडचा साक्षीदार पिंजऱ्यात बोलतो अहिराणी, नाहीतर भिली किंवा पावरी. कोर्टात ते उतरतं मराठीत. वर जाताना त्याचं इंग्रजी होतं. एक शब्द दोनदा कात टाकतो. ‘मन्हा भाऊबंद’ म्हणजे कोण? सख्खा भाऊ, चुलत भाऊ, की नुसता भावकीतला? भाषांतरकारानं ‘ब्रदर’ लिहून टाकलं की वाटणीच्या दाव्यात वारसांची संख्याच बदलते. जुनी खतं मोडी लिपीत असली तर आणखी एक पायरी. म्हणून जाणते वकील इंग्रजी पेपरबुकासोबत मूळ मराठी जबाब जवळ ठेवतात. अयोध्येच्या प्रकरणात २०१७ साली दस्तऐवजांच्या भाषांतरासाठी न्यायालयाला मुदत द्यावी लागली होती, तेव्हा ही अडचण फक्त आमच्या गल्लीतली नाही.

आता वेळेबद्दल. १९७२-७३मध्ये, संसदेला घटना किती बदलता येते या प्रश्नावरच्या केशवानंद भारती प्रकरणात १३ न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस युक्तिवाद चालला. एका बाजूला नानी पालखीवाला, दुसऱ्या बाजूला एच. एम. सीरवाई. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९७०पासून प्रत्येक बाजूला साधारण अर्धा तास मिळतो. तिथं वकील सुनावणीआधी खोटं न्यायालय भरवून सराव करतात. आपल्याकडं दोन्ही टोकं आहेत. घटनापीठापुढं दिवसचे दिवस मिळू शकतात, मात्र आता आधी लेखी मुद्दे, वेळेचं वाटप आणि सगळ्यांसाठी एकच पानक्रमांक असलेलं संकलन मागितलं जातं, आणि ते जुळवण्याची जबाबदारी एका ‘नोडल’ वकिलावर टाकली जाते. फेब्रुवारी २०२३पासून अशा सुनावण्यांचा शब्दशः मजकूरही उपलब्ध होऊ लागला, आणि तिथंही सुरुवात शिवसेनेच्याच खटल्यानं झाली.

सामान्य पक्षकाराच्या वाट्याला मात्र अनुच्छेद १३६ खालची विशेष अनुमती याचिका येते. उच्च न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवसांची मुदत. हा अपिलाचा हक्क नव्हे, परवानगीची विनंती आहे. तिची सुनावणी पूर्वापार सोमवारी आणि शुक्रवारी. डझनावारी प्रकरणं, प्रत्येकाला काही मिनिटं. न्यायमूर्तींनी आदल्या रात्री जी पहिली पानं वाचलेली असतात, तो सारांश आणि तारखांची यादी, त्यावरच पुष्कळदा निम्मं ठरून गेलेलं असतं. म्हणून या यादीवर जेवढी मेहनत होते, तेवढी भाषणावर होत नाही. मला विचाराल तर ते योग्यच आहे.

तारखांची यादी काय करते, हे नर्मदेच्या काठी दिसलं. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणीची मिळून ३३ गावं बुडीत क्षेत्रात आली. तेव्हा ती धुळे जिल्ह्यात होती, १ जुलै १९९८पासून नंदुरबारमध्ये. नर्मदा बचाव आंदोलनानं १९९४ साली थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. खाली खटला नाही, निशाण्या नाहीत, सगळी भिस्त प्रतिज्ञापत्रांवर. किती कुटुंबं, किती जमीन, तळोद्याच्या जंगलातून मोकळ्या केलेल्या जागेवर किती वसली, हे गावोगाव फिरून गोळा करायचं आणि सरकारच्या आकड्यांसमोर ठेवायचं. १८ ऑक्टोबर २०००ला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. न्या. भरुचा विरोधात होते. बहुमतानं पर्यावरण मंजुरीवरच्या आक्षेपाला उशिराचं कारण दिलं. मंजुरी १९८७ची, याचिका १९९४ची. यादीतल्या दोन ओळींमधलं ते सात वर्षांचं अंतर कुठल्याही वक्तृत्वानं भरून निघालं नाही.

सध्या खानदेशातून ज्या फायली दिल्लीला जातात, त्यांत जातवैधतेच्या, म्हणजे जमातीचा दाखला खरा की नाही या वादाच्या, पुष्कळ असतात. टोकरे कोळी, ठाकूर अशा दाव्यांवर तपासणी समितीचा निर्णय, मग उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ, मग विशेष अनुमती. समित्यांची कार्यपद्धती १९९४च्या माधुरी पाटील निकालानं घालून दिली. समाजाच्या रूढी-परंपरा विचारणारी ‘ॲफिनिटी टेस्ट’ ही अंतिम कसोटी नव्हे, असं २४ मार्च २०२३ला तीन न्यायमूर्तींनी सांगितलं. त्यामुळं १९५०पूर्वीच्या नोंदींचं वजन आणखी वाढलं. आजोबांचं शाळेचं जनरल रजिस्टर, गाव नमुना १४मधली जन्माची नोंद, असे कागद. दिल्लीतल्या कॉन्फरन्समध्ये मग रात्री नऊला प्रश्न येतो, जातीच्या रकान्यात ‘कोळी’च्या आधीचं अक्षर पुसट आहे, ते ‘टो’ आहे का? आणि नंदुरबारचा वकील मोबाइलवर स्कॅन मोठा करून बघत बसतो. नाहीच लागलं, तर सकाळी शाळा उघडल्यावर मूळ रजिस्टर पाहायला माणूस पाठवतो.