आत्मविश्वासाने पोकरमधले पान बदलते का?

‘स्वतःवर पूर्ण विश्वास असला, की पोकरमध्ये हवे ते पान येतेच’, असा समज बरीच वर्षे फिरतो आहे.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात (प्रत्येकाच्या हातात दोन आणि टेबलावर सगळ्यांसाठी एकूण पाच पाने) हातात बदामाची दोन पाने आणि टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत आणखी दोन बदाम आहेत, आणि पाच बदाम जुळवायला अजून एक हवा आहे, असे धरू. न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम उरतात. म्हणून पुढच्या दोन पानांत निदान एक बदाम निघण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते, मग खेळणारा धास्तावलेला असो वा निर्धास्त. पडताळा घरीही घेता येतो: ती पाच पाने बाजूला ठेवून उरलेला कॅट पिसावा, वरची दोन पाने उलटावीत आणि असे निदान शंभर वेळा करून नोंद ठेवावी. चारपाच डावांवरून मात्र काहीच ठरत नाही. या समजाचे मूळ बहुधा तिथेच आहे.

तरीही तो अगदीच निराधार नाही. हिशेब पटल्यावर न कचरता पैसे लावणे, हलक्या पानांवर ठामपणे बोली वाढवून समोरच्याला माघार घ्यायला लावणे, आणि लागोपाठ हरल्यावरही चांगले न वाटणारे पान शांतपणे टाकून देणे, यांसाठी आत्मविश्वास लागतोच. त्याचा परिणाम निर्णयांवर होतो, पिसलेल्या कॅटवर होत नाही.