पातं आडवं हलतंय की उभं? चाकू खोलायच्या आधी एवढं बघा

फोल्डिंग चाकूचं पातं हलतंय म्हटलं की लगेच सल्ला येतो, पिव्हट, म्हणजे पातं ज्याच्याभोवती फिरतं तो स्क्रू, आवळ. आवळून नाही गेलं तर पूर्ण खोल, साफ कर, परत जोड. हे वाचून वाचून वैताग आलाय, कारण पातं हलतंय कुठल्या दिशेला हे कुणी विचारतच नाही आणि सगळं त्यावरच ठरतं.

डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर ते तुम्हाला माहितीच आहे. पातं आणि लायनरच्या (मुठीच्या आतल्या धातूच्या पट्टीच्या) मधल्या वॉशर किंवा बेअरिंगला जागा झालीय, पिव्हट थोडा आवळायचा, झालं. बऱ्याच चाकूंना पिव्हटला टी8 आणि बारक्या स्क्रूंना टी6 मापाचा टॉर्क्स लागतो, आणि टॉर्क्सच्या चांदणीसारख्या खाचेत ॲलन की कोंबू नका प्लीज, खाच गोल झाली की मग ड्रिलच मारावं लागतं. मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढंच फिरवा, उघडमिट करून बघा, मग परत तेवढंच. स्क्रू आपोआप सैल होत राहिला तर आट्यांना निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या डिंकाचा) टिपूस पुरे, लाल अजिबात नको, तो काढायला स्क्रू तापवावा लागतो. एवढ्यासाठी अख्खा चाकू खोलायची काहीच गरज नाही.

खरा घोळ उभ्या हालचालीचा. म्हणजे पातं धारेकडे आणि पाठीकडे डुगडुगतं ती. उघडलेलं पातं तीन ठिकाणी धरलेलं असतं, पिव्हट, स्टॉप पिन आणि लॉक. स्टॉप पिन त्याला आणखी मागे जाऊ देत नाही, लॉक मिटू देत नाही, आणि पिव्हट हा नुसता आस, पात्याने त्याच्याभोवती फिरावं म्हणूनच तो आहे. तेव्हा पातं उभं डुगडुगतं म्हणजे ते पिव्हटभोवती किंचित फिरतंय, कारण लॉकचं तोंड आणि पात्याची शेपटी (मुठीतलं मागचं टोक) यांच्यात फट राहिलीय. क्वचित पिव्हटचं भोक झिजलेलं असतं, पण तेही आवळून भरत नाही.

मग आवळल्यावर थांबल्यासारखं का वाटतं? वॉशर पात्याला दोन्हीकडून दाबून धरतात म्हणून. तो ब्रेक आहे, दुरुस्ती नाही, फट जिथल्या तिथे असते. उलट पातं इतकं जड चालतं की कधीकधी स्टॉप पिनपर्यंत पोचतच नाही आणि लायनर लॉक (लायनरचीच वाकवलेली पट्टी पात्यामागे अडकते तो) जेमतेम कडेवर अडकतो, आणि नारळ खरवडताना किंवा दोरी कापताना उलटा जोर बसला की पातं सरळ बोटांवर मिटतं. म्हणून या सल्ल्याची मला चीड येते.

तपासायचं असं. पिव्हट आधी मोकळा करा, पातं सहज चालेल इतपत. चाकू उघडून मूठ टेबलावर घट्ट दाबा, पातं मधोमध सपाट बाजूंनी चिमटीत धरा, धारेला बोट लागू न देता, आणि आधी आडवं मग उभं हलवा. लॉकचा दोष असेल तर बोटांना बारीक टक-टक लागते, उजेडात धरलं तर लॉक आणि शेपटीमधली हालचाल दिसतेही. पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासायची सवय मात्र सोडा, चांगला लॉकही त्याने बिघडतो.

पुढे काय ते लॉकवर आहे. लायनर लॉक किंवा फ्रेम लॉक (तसलाच, पण पट्टी मुठीच्या सांगाड्याचीच) असेल तर लॉकचं तोंड आणि स्टॉप पिन इअरबडला स्पिरिट लावून पुसा, वाळलेल्या मळामुळेही लॉक पूर्ण बसत नाही. पुसूनही हलतं आणि लॉकची पट्टी झिजत झिजत पार पलीकडच्या लायनरला टेकलीय, तर खोलून काही मिळणार नाही, कंपनीकडे पाठवा. बॅक लॉकमध्ये (मुठीच्या पाठीवर दाबून सुटतो तो) किंचित उभी हालचाल नव्यातही सापडते, जास्त नसेल तर सोडून द्या. बेंचमेड कंपनीच्या ॲक्सिस लॉकमधली (आडवी दांडी पातं अडवते तो) किंवा गँझो कंपनीच्या तसल्याच लॉकमधली बारीक स्प्रिंग तुटली असेल, तर तिथे मात्र खोलावंच लागतं. लाकडी मुठीच्या फ्रेंच ओपिनेल चाकूला लॉक म्हणून 1955 पासून फिरती रिंग आहे, ती जरा जोर लावून फिरवली की काम होतं.

ओपिनेल आणि व्हिक्टोरिनॉक्सच्या नेहमीच्या लाल चाकूला तर रिव्हेटच, खोलायचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात ओपिनेलचं लाकूड फुगून पातं अडकतं, त्यावर हातोडी चालवणारे बघितलेत, कृपा करून नको, लाकूड सुकू द्या आणि पातं काढायला मुठीचं बूड टेबलावर ठोका. उलट टोकाला ख्रिस रीव्हचा सेबेन्झा 21, त्याच्या पिव्हटवर बुशिंग (धातूची छोटी नळी) असल्यामुळे पिव्हट शेवटपर्यंत आवळायचा असतो आणि तो चाकू मालकाने खोलावा म्हणूनच बनवलाय.

बाकी चाकू कधी खोलायचा, तर किनाऱ्यावरची वाळू आत गेली आणि धुऊनही करकरते तेव्हा, किंवा आत गंज दिसला तेव्हा. सुटी बेअरिंग असलेला चाकू ताटात धरूनच खोला. जोडताना पिव्हटला एक थेंब शिलाई मशीनचं तेल घाला, खोबरेल नको, ते थंडीत थिजतं. लायनर-फ्रेम लॉकच्या तोंडाला मात्र तेलाचा हातही लावू नका, ते कोरडंच हवं.