सीसी वाढवायचे आहेत? मग ब्लॉकसोबत पिस्टनही आणा

जिप्सी किंवा एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन रॅलीसाठी उघडलं की आमच्या बोअरिंगच्या वर्कशॉपला फोन येतो, "ब्लॉक पाठवतोय, एक मिलिमीटर बोअर करून ठेवा. पिस्टन आठवड्याभरात येतील." म्हणजे सिलिंडरचं भोक (बोअर) कापून मोठं करा. आम्ही पिस्टन येईपर्यंत थांबायला सांगतो, आणि बऱ्याच जणांना ते आवडत नाही. कारण एकदा नीट सांगतो.

डब्यावर 75 मिलिमीटर लिहिलंय म्हणून पिस्टन 75 चा नसतो. क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, पिस्टनमध्येच धरलेला असतो; पिस्टन तेवढा बारीकच असतो. गेल्या पावसाळ्यात एक ब्लॉक दुसरीकडून बोअर होऊन आमच्याकडे आला. पिस्टन हातात नसताना ते पुरते 75 चे धरून, वर 70 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) सोडून बोअर 75.07 चा केला होता. पिस्टन आल्यावर स्कर्टला (पिस्टनच्या खालच्या भागाला) मायक्रोमीटर लावला, तर 74.93. पिस्टनच्या कार्डावर क्लिअरन्स 70 मायक्रॉन, प्रत्यक्षात 140. असं इंजिन गार असताना खडखडतं आणि ऑइल खातं. कापलेलं बीड (ओतीव लोखंड) परत येत नाही. चारही सिलिंडरला स्लीव्ह (आतून नव्या नळ्या) घालावे लागले आणि त्या मुलाची रॅली हुकली.

म्हणून आमच्याकडे चारही पिस्टन वेगवेगळे मोजतो आणि ज्याच्या त्याच्या सिलिंडरचा नंबर टाकतो. ब्लॉक आणि पिस्टन रात्रभर एकाच खोलीत ठेवतो, कारण दहा अंशांच्या फरकाने 75 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन सुमारे 16 मायक्रॉन फुगतो. होनिंग (बोअर शेवटी दगडाने घासून मापात आणणं) करताना हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, जागी जाड प्लेट पूर्ण टॉर्कने आवळतो. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो. तो त्याच अवस्थेत गोल करायला हवा. यात आमचा अर्धा दिवस जास्त जातो आणि बिलही वाढतं, पण रिंगा पहिल्या दिवसापासून बसतात.

आता सीसीचा हिशेब. मूळ बोअर 74, स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) 75.5 मिलिमीटर. बोअर 75 केला तर 1334 सीसी होतात, म्हणजे फक्त सुमारे 35 ची वाढ. बलेनोच्या 1590 सीसीच्या इंजिनाचा बोअरही 75 च आहे. फरक 90 च्या स्ट्रोकचा. खरी वाढ हवी असेल तर क्रँकचं बोला, स्ट्रोक त्यावरच ठरतो. पण स्ट्रोक 4 मिलिमीटरने वाढवला की पिस्टन 2 मिलिमीटर जास्त वर येतो. म्हणून क्रँक ठरल्याशिवाय पिस्टनची ऑर्डर देऊ नका. पिस्टनमधल्या पिनची उंची त्यावरच ठरते.

हेड गॅस्केटही (ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग) मोठ्या बोअरचं घ्या, नाहीतर त्याची कड आत डोकावते आणि जळते. रॅलीच्या वर्गाची सीसी मर्यादा आधी पाहा. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 लक्षात ठेवा, आरटीओत आधी चौकशी करा.

येताना ब्लॉक, चारही पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि डब्यातलं क्लिअरन्सचं कार्ड आणा. बोअर करण्याआधी सिलिंडरच्या भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून कागदावर लिहून देतो. काम आमच्याकडे दिलंत तर त्याचे पैसे घेत नाही. भिंत पातळ निघाली तर बोअर करू नका असं आम्हीच सांगू.