टीव्हीला लॅपटॉपचं फोल्डर का उघडत नाही?

गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा हल्ली लॅपटॉपही येतो. त्यात दशावताराची रेकॉर्डिंगं असतात आणि ती टीव्हीला जोडलेल्या मीडिया प्लेयरवर सगळ्यांनी मिळून बघायची असतात. फोल्डर शेअर केलेलं, दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर, तरी प्लेयर म्हणतो ‘परवानगी नाही’. मग खाऱ्या हवेनं राउटर गंजला किंवा नेट गेलं, असं निदान होतं. पण घरातल्या घरात फाइल पोचायला इंटरनेट लागतच नाही. आणि ‘परवानगी नाही’ हे उत्तर लॅपटॉपनंच दिलेलं असतं, म्हणजे दोघांमधली वाट शाबूत आहे.

अडतं ते ओळख पटवण्यात. ही देवाणघेवाण ‘एसएमबी’ या नियमावलीनं चालते. आयबीएममध्ये 1980च्या दशकात ती जन्मली. प्लेयर आधी आपल्याला येणाऱ्या आवृत्त्यांची यादी पाठवतो, लॅपटॉप त्यातली दोघांना जमणारी सर्वांत नवी निवडतो. मग मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग येतो. लॅपटॉप पासवर्ड मागत नाही. तो 8 बाइटची एक यादृच्छिक संख्या पाठवतो. प्लेयर पासवर्डपासून काढलेला हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड सहज उलगडत नाही असा ठसा) आणि ती संख्या एकत्र घुसळून उत्तर परत करतो. लॅपटॉप तेच गणित आपल्याकडे करून ताडून बघतो. पासवर्ड हवेतून जातच नाही, आणि पुढच्या वेळी संख्या वेगळी असल्यानं कोणी जुनं उत्तर चोरलं तरी ते फुकट जातं.

विंडोजचा चार आकडी पिन प्लेयरवर का चालत नाही, तेही इथेच कळतं. पिन फक्त त्याच लॅपटॉपपुरता असतो, वरच्या गणितात त्याला जागाच नाही. खात्याचा खरा पासवर्डच टाकावा लागतो.

जुन्या प्लेयरना बहुधा एसएमबीची पहिलीच आवृत्ती येते. मे 2017मध्ये ‘वॉनाक्राय’ हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातल्याच त्रुटीतून पसरला, ब्रिटनमधली रुग्णालयंसुद्धा अडकली. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्यानं इन्स्टॉल होणाऱ्या विंडोज 10मधून तिचा फाइल शेअर करणारा भाग वगळला गेला. यूट्यूबवर ‘ती चालू करा, काम फत्ते’ सांगणारे भेटतील; त्यांचं ऐकू नका. प्लेयरचं सॉफ्टवेअर अपडेट करा. ते मिळत नसेल तर पेन ड्राइव्ह बरा. राउटर ईशान्येला हलवण्याचा वास्तुसल्लाही सोडून द्या. रेडिओलहरींना जांभ्याची जाड भिंत अडवते, दिशा नाही.

पहिली आवृत्ती गेल्यावर प्लेयरवर दिसणाऱ्या यंत्रांच्या यादीत लॅपटॉपचं नावही कधीकधी दिसत नाही. तेव्हा त्याचा आयपी पत्ता, म्हणजे राउटरनं त्याला दिलेला आकडी पत्ता, थेट टाकावा. मात्र पावसाळ्यात लाईट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की हा पत्ता बदलू शकतो आणि काल चाललेलं फोल्डर आज सापडत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवता येतो, तेवढं करून घ्या.