जे. जे. रुग्णालयातील ग्लिसरीन मृत्यू (१९८६)

मुंबईत भायखळ्याच्या सर जमशेटजी जीजीभाई (जे. जे.) रुग्णालयात जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये दूषित ग्लिसरीन पोटात गेल्याने १४ रुग्ण दगावले. ते प्रकरण ‘जे. जे. रुग्णालयातील ग्लिसरीन मृत्यू’ या नावाने ओळखले जाते. ग्लिसरिनातले विषारी द्रव्य डायएथिलीन ग्लायकॉल होते. मृत्यूंच्या चौकशीसाठी नेमलेला न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग ‘लेंटिन आयोग’ म्हणून परिचित आहे.

कवटीतील किंवा डोळ्यातील वाढलेला दाब उतरवण्यासाठी त्या काळी ग्लिसरीन तोंडाने देण्याची पद्धत रूढ होती. रक्ताचा तर्षण दाब, म्हणजे पाणी खेचून घेण्याची ओढ, वाढवून ते मेंदूतील व डोळ्यातील पाणी ओढून घेते. मात्रा साधारणतः शरीराच्या दर किलो वजनामागे १ ग्रॅम, कधी दीड ग्रॅमपर्यंत. हे औषध मळमळ आणण्याइतके गोड असल्याने लिंबाच्या रसात मिसळून देत. मेंदूला सूज असलेल्या रुग्णाला ते दर चार-सहा तासांनी पुन्हा द्यावे लागे, आणि घात झाला तो याच पुनरावृत्तीने. विश्लेषणात ग्लिसरिनातील डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण आकारमानाने १८.५ टक्के निघाले. ६० किलो वजनाच्या रुग्णाला एका वेळी ६० ग्रॅम, म्हणजे सुमारे ४८ मिलिलिटर ग्लिसरीन दिले, तर त्याबरोबर जवळपास ९ मिलिलिटर विष जाते. दिवसातून चार वेळा दिल्यास ते ३५ मिलिलिटर होते. मारक मात्रा दर किलोमागे सुमारे १ मिलिलिटर मानतात. व्यक्तीनुसार तीत बराच फरक पडतो, तरी या हिशेबाने ती दोन दिवसांच्या आत गाठली जाते.

लक्षणे ठरावीक टप्प्यांनी येतात. आधी उलट्या, पोटदुखी आणि दारू चढल्यासारखी गुंगी. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाऊन बंद पडते, रक्तातील आम्लता व क्रिएटिनीन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य) चढते. यातून जे वाचतात त्यांच्यापैकी काहींचा चेहरा लुळा पडतो, हातापायांतील शक्ती जाते. मेंदूच्या रुग्णांत हा क्रम ओळखणे फार अवघड. उलटी आणि बेशुद्धी ही त्यांच्या मूळ आजाराचीच लक्षणे असतात, आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा दोष अशा रुग्णांना नेहमी दिल्या जाणाऱ्या मॅनिटॉल या सूज उतरवणाऱ्या औषधावरही टाकता येतो. एकेक मृत्यू सुटा पाहिला तर तो संशयास्पद वाटत नाही. निरनिराळ्या आजारांच्या रुग्णांत लघवी बंद पडणे आणि ग्लिसरीन या दोनच गोष्टी समान आहेत, हे औषधाचे तक्ते शेजारी ठेवल्यावरच दिसते.

मूत्रपिंडे नेमकी कशाने मरतात, याविषयी मतभेद होते. डायएथिलीन ग्लायकॉलचे एथिलीन ग्लायकॉलमध्ये विघटन होऊन ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रनलिकांत साचतात, असे जुने मत होते. परंतु रेणूचे दोन भाग जोडणारा ईथर बंध शरीरात सहसा तुटत नाही. यकृतात अल्कोहोल डिहायड्रोजिनेज या विकराने (एन्झाइमने) ऑक्सिडीकरण होऊन शेवटी डायग्लायकॉलिक आम्ल बनते आणि ते निकट मूत्रनलिकांच्या (मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागाच्या) पेशींत साचते. अलीकडील प्रयोगांचा कौल या दुसऱ्या मताकडे आहे. फोमेपिझोल हे उताऱ्याचे औषध किंवा एथिल अल्कोहोल त्या विकराला अडवते, पण आम्ल बनण्यापूर्वी दिले तरच उपयोग. पुढे रक्तशुद्धीकरण, म्हणजे डायलिसिस, एवढाच आधार उरतो.

विष आले कुठून, हा प्रश्न ‘औषधी दर्जाऐवजी औद्योगिक दर्जाचे ग्लिसरीन पुरवले’ एवढ्या उत्तराने मिटवला जातो. ते अपुरे आहे. चरबी किंवा तेलापासून मिळणाऱ्या ग्लिसरिनात, ते कितीही हलक्या प्रतीचे असले, डायएथिलीन ग्लायकॉल आपसूक तयार होत नाही. औषधकोशांनी (औषधांचे दर्जे ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथांनी) आज मान्य केलेली मर्यादा ०.१ टक्का आहे. १८.५ टक्के हे तिच्या १८५ पट झाले. पिंपाच्या तळाशी राहिलेल्या उरल्यासुरल्या द्रवाने एवढे प्रमाण सहज होत नाही. मिसळ कुठेतरी झाली, असेच मानणे सयुक्तिक वाटते.

ही मिसळ हाताला किंवा जिभेला कळत नाही. दोन्ही द्रव रंगहीन, दाट, गोड. ग्लिसरिनाची घनता १.२६, डायएथिलीन ग्लायकॉलची १.१२. वरील मिश्रणाची येते सुमारे १.२३५, आणि वजनाने ९० टक्के ग्लिसरीन व १० टक्के पाणी यांची घनताही जवळजवळ तेवढीच. नुसत्या घनतामापकावर विसंबणारा तपासनीस ‘पाणी घातलेला माल’ असा शेरा मारील. विषाची शंका त्याला येणार नाही. वायू वर्णलेखनात (गॅस क्रोमॅटोग्राफी) मात्र दोन्ही द्रव्ये स्वच्छ वेगळी पडतात. तनुस्तर वर्णलेखनाची (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) स्वस्त चाचणीही चाळणीपुरती पुरते. नमुना प्रत्येक पिंपातून घ्यावा लागतो, कारण एकाच बॅचच्या लेबलाखाली वेगवेगळा माल असू शकतो.

आयोगाचा अहवाल १९८८ मध्ये जाहीर झाला. त्यात ठपका रुग्णालयाच्या औषधखरेदीवर, अन्न व औषध प्रशासनावर आणि त्या प्रशासनाच्या कामातील मंत्र्यांच्या हस्तक्षेपावर आहे.

या विषाचा इतिहास जुना आहे. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलामाइडच्या द्रव औषधात ते द्रावक म्हणून वापरल्याने शंभरावर माणसे मेली आणि १९३८ चा अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा आला. भारतात १९९८ मध्ये गुरगाव येथे खोकल्याच्या औषधाने ३३ बालके दगावली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या छिंदवाडा भागात वीसहून अधिक बालकांचा बळी गेला. त्यांच्या औषधात या द्रव्याचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. मूत्रपिंडे निकामी झालेली त्यांतली अनेक मुले उपचारांसाठी नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली होती.