ज्वलनकक्षाची घडण आणि नॉकिंग

पिस्टन सर्वांत वर आला की त्याचा माथा आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये उरणारी जागा म्हणजे ज्वलनकक्ष. 100 सीसीच्या मोटरसायकलीत ती जेमतेम 12 सीसी, चहाचे अडीच चमचे. एवढ्याशा पोकळीच्या आकारावर इंजिनाची ताकद आणि त्याचे ठोकणे, दोन्ही अवलंबून असतात.

ठिणगी पडल्यावर आग प्लगपासून कडेकडे पसरते. पेटलेला वायू फुगून हवा-पेट्रोलचे उरलेले मिश्रण कोपऱ्यात दाबतो आणि तापवतो. आग पोचण्याआधीच ते आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात, हेच नॉकिंग. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना भरलेली गाडी गियर न उतरवता ओढली की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, तो याचाच. इंजिन हळू फिरत असल्याने कोपऱ्यातल्या मिश्रणाला पेटायला वेळ मिळतो. किनाऱ्यावरची हवा दाट, त्यामुळे सिलिंडर पुरता भरतो आणि ठोकण्याची शक्यताही वाढते. घाटमाथ्यावरच्या विरळ हवेत ती कमी होते.

म्हणून आगीची वाट आखूड हवी. जुन्या साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असलेल्या) इंजिनांत कक्ष लांबट आणि पसरट असे, त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते, बेताचेच ठेवावे लागे. इंग्रज अभियंते हॅरी रिकार्डो यांनी 1919 च्या सुमारास हेडचा एक भाग पिस्टनच्या अगदी जवळ आणला. त्या फटीतले मिश्रण पिस्टन वर येताच प्लगकडे जोरात फेकले जाते (स्क्विश). खळबळीमुळे आग झपाट्याने पसरते आणि फटीत राहिलेले मिश्रण दोन्ही बाजूंच्या धातूमुळे थंड राहते. माझ्या मते हेडच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची सुधारणा.

करवंटीसारख्या अर्धगोल कक्षात मोठे व्हॉल्व्ह बसतात, ताकद चांगली मिळते. पण कॉम्प्रेशन वाढवायला पिस्टनला उंच घुमट दिला, की उरलेली जागा करवंटीतल्या खोबऱ्यासारखी पातळ होते आणि आग रेंगाळते. आजचा चार व्हॉल्व्हचा कक्ष कौलारू घरासारखा असतो: दोन उतार आणि आढ्याशी प्लग. 2003 मध्ये बजाजच्या पल्सरने दोन व्हॉल्व्ह ठेवून दोन प्लग दिले आणि आगीची वाट तशी आखूड केली.

ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाचे ठोकणे निराळे. तिथे फवारलेले डिझेल पेटायला उशीर होतो आणि मग साठलेले एकदम भडकते.

गॅरेजात खरा घोळ हेड फेसिंगनंतर, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट केल्यावर होतो. तापून वाकलेले हेड अर्धा मिलिमीटर घासले, तर 50 मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) इंजिनात कक्षातला सुमारे 1 सीसी जातो. 9 चे कॉम्प्रेशन 9.7 च्या आसपास पोचते. ताकद वाढते, पण चढावर गाडी ठोकू लागते. मग हेड आणि सिलिंडर यांच्यामध्ये एकाऐवजी दोन गॅस्केट (सांधा बंद करणाऱ्या चकत्या) घालतात. हा उपाय चुकीचा आहे. कॉम्प्रेशन उतरते खरे, पण स्क्विशची फट रुंदावते, आणि कडेचे मिश्रण ना फेकले जाते ना थंड राहते. त्यापेक्षा हेड उलटे धरून त्यावर भोकाची काच बसवावी, सिरिंजने रॉकेल भरून कक्ष मोजावा आणि कमी पडलेला सीसी कक्षाच्या आतूनच, प्लगच्या बाजूने, कोरून काढावा.