पिवळ्या पिशवीपासून चिमणीपर्यंत : दहनभट्टीच्या रचनेची पार्श्वभूमी

मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली येथे रुग्णालय उभे केले, तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून रुग्ण येथे येत राहिले. एकापाठोपाठ एक रुग्णालये उभी राहिली आणि उपचारांबरोबर उपचारांचा कचराही वाढत गेला. रक्ताने भिजलेला कापूस, बँडेज, शस्त्रक्रियेत काढलेले अवयव, मुदत संपलेली औषधे हे सारे आज पिवळ्या पिशवीत जाते आणि त्यातले बहुतेक शेवटी दहनभट्टीत, म्हणजे आपण ज्याला सर्रास इन्सिनरेटर म्हणतो त्यात, जळते. या भट्टीची चर्चा आपल्याकडे धूर दिसला की सुरू होते आणि धूर विरला की संपते. तिला दोन कोठड्या का असतात, दुसऱ्या कोठडीत जाळायला काहीच नसताना तिथे बर्नर का पेटता ठेवतात आणि चिमणीच्या आधी पाण्याचे फवारे कशासाठी असतात, हे समजण्यासाठी सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागते.

शहराचा कचरा जाळण्यासाठी मुद्दाम बांधलेली पहिली भट्टी 1874 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम येथे उभी राहिली. आल्फ्रेड फ्रायर यांच्या रचनेनुसार बांधलेल्या या भट्टीला ‘डिस्ट्रक्टर’ म्हणजे नाश करणारी असे नाव होते. विटांची कोठी, आत उतरती जाळी, वरून हाताने टाकलेला कचरा आणि हवेसाठी केवळ चिमणीची नैसर्गिक ओढ, एवढाच तिचा थाट होता. ओला कचरा आधी वाळायचा, मग धुमसायचा आणि मग जमेल तसा जळायचा. या धुमसण्याच्या काळात निघणारा उग्र वासाचा धूर थेट चिमणीत जात असे. आपल्याकडे गुऱ्हाळावर चुलवणात ओले चिपाड सारले की काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. जाळ दिसतो, पण धुरातच निम्मे जळण न जळता निघून जाते.

या तक्रारीवर पहिले उत्तर शोधले ते लंडनजवळच्या ईलिंगमधील चार्ल्स जोन्स यांनी. 1885च्या सुमारास त्यांनी भट्टी आणि चिमणी यांच्यामधल्या मार्गात कोकचा, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाचा, एक स्वतंत्र विस्तव ठेवला आणि सगळा धूर त्यावरून नेला. कचरा एका जागी जाळायचा आणि त्याचा धूर दुसऱ्या जागी पुन्हा जाळायचा, ही कल्पना तिथून पुढे आली. जोन्स यांच्या उपकरणाला कोळशाचा खर्च फार येई, म्हणून ते टिकले नाही. पण आजच्या प्रत्येक वैद्यकीय दहनभट्टीतली दुसरी कोठडी ही त्याच विस्तवाची वंशज आहे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच आहे, कारण तिने अभियंत्यांचे लक्ष कचऱ्यावरून धुराकडे वळवले.

त्यानंतर लीड्स येथील हॉर्सफॉल यांच्या रचनेत वाफेच्या झोताने हवा आत ढकलली जाऊ लागली आणि धुराची वाट अशी काढली गेली की ओल्या कचऱ्याची वाफ विस्तवाच्या सर्वांत तापलेल्या भागावरूनच बाहेर पडावी. साखर कारखान्यात बॉयलरला हवा ढकलणारा एफडी फॅन आणि धूर ओढणारा आयडी फॅन जे काम करतात, त्याची ही सुरुवातीची आवृत्ती होती. 1897 साली लंडनच्या शोरडिच भागात कचऱ्याच्या उष्णतेवर वीजही तयार होऊ लागली. जर्मनीत हॅम्बुर्गला 1892 साली कॉलऱ्याची मोठी साथ आली, तेव्हा आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी शहराचा कचरा घेण्यास नकार दिला आणि त्यातून तिथे 1896 साली कचऱ्याची दहनभट्टी नियमित चालू झाली. आपल्या मिरज-सांगलीतला बेडग रस्त्यावरचा किंवा समडोळी रस्त्यावरचा कचरा डेपो ज्यांच्या घरांना आणि शेतांना लागून आहे, त्यांना त्या शेतकऱ्यांची बाजू चटकन कळेल.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हलती जाळी आली. कचरा पुढे सरकत, उलटापालटा होत जळू लागला आणि हाताने ढवळण्याची गरज संपली. मोठ्या शहरांच्या भट्ट्यांसाठी हे फार महत्त्वाचे होते. रुग्णालयांच्या लहान भट्ट्यांचा मार्ग मात्र वेगळा राहिला. तेथे दशकानुदशके एकाच कोठडीची विटांची भट्टी पुरेशी मानली गेली. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये दाट धुरक्याने लोक हैराण झाले, तेव्हा तेथील हवा प्रदूषण नियंत्रण यंत्रणेने अनेक कोठड्यांच्या भट्टीचा सखोल अभ्यास केला आणि 1957 साली घरामागच्या अंगणातल्या भट्ट्यांवर बंदीच घातली.

याच सुमारास आणि पुढच्या दशकात ‘नियंत्रित हवे’ची भट्टी रूढ झाली. तिच्यामागचा विचार प्रथमदर्शनी उलटा वाटतो. कचरा नीट जळावा म्हणून भरपूर हवा द्यावी, असे आपल्याला वाटते. पण जोराची हवा राखेचे आणि काजळीचे कण उचलून चिमणीत नेते. म्हणून पहिल्या कोठडीत मुद्दाम गरजेपेक्षा कमी हवा द्यायची, कचरा सावकाश वायुरूप होऊ द्यायचा, राख जागच्या जागी बसू द्यायची आणि तो जळाऊ वायू दुसऱ्या कोठडीत नेऊन तेथे भरपूर हवा व बर्नरची ज्योत देऊन पूर्ण जाळायचा. अनेक रुग्णालयांचा कचरा एकत्र आणून जाळणाऱ्या एका सामायिक प्रक्रिया केंद्रात भट्टीच्या काचेच्या झरोक्यातून मी हे एकदा पाहिले आहे. पहिल्या कोठडीत लालसर, आळसावलेला, धुराने झाकोळलेला जाळ होता. दुसऱ्या कोठडीच्या झरोक्यातून मात्र जाळ असा दिसतच नव्हता, नुसत्या भिंतींच्या विटा नारिंगी-पिवळ्या तेजाने तापलेल्या होत्या. भट्टी नीट चालते आहे की नाही, हे तिथल्या जुन्या ऑपरेटरला त्या विटांच्या रंगावरूनच कळत असे.

1977 साली या विषयाला खरे वळण लागले. नेदरलँड्समधील कीस ओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचऱ्याच्या दहनभट्टीच्या राखेत आणि धुरात डायॉक्सिन ही अतिविषारी संयुगे सापडल्याचे दाखवून दिले. आदल्याच वर्षी इटलीत सेवेसो येथे रासायनिक कारखान्यातून याच विषाचा ढग पसरला होता, त्यामुळे या शोधाची धास्ती मोठी होती. पुढच्या संशोधनातून अधिकच अस्वस्थ करणारी गोष्ट समोर आली. डायॉक्सिन साधारण 850 अंश सेल्सिअसच्या वर नीट जळून नष्ट होते. पण तोच धूर पुढे थंड होत 400 ते 250 अंशांच्या टप्प्यातून रेंगाळत गेला, तर त्यातला क्लोरीन, न जळलेला कार्बन आणि तांब्यासारख्या धातूंचे कण यांच्या संयोगाने ते नव्याने तयार होते. राखेचे कण पकडण्यासाठी बसवलेली विद्युत-स्थितिक यंत्रे नेमकी याच तापमानात चालवली जात होती. ज्या यंत्राकडून धूर स्वच्छ होण्याची अपेक्षा होती, त्याच यंत्रात विष तयार होत होते.

यावर दोन बाजूंनी उपाय झाला. एकीकडे धूर पुरेसा तापलेला आणि पुरेसा वेळ तापलेला राहील, अशी कोठडी बांधायची. दुसरीकडे तो धोक्याच्या टप्प्यातून क्षणार्धात खाली आणायचा. म्हणून भट्टीनंतर पाण्याच्या फवाऱ्याने धूर एकदम थंड करण्याची सोय, आम्लवायू शोषण्यासाठी चुना किंवा कॉस्टिक सोड्याचे पाणी, उरलेसुरले डायॉक्सिन आणि पारा धरून ठेवण्यासाठी सक्रिय कार्बन आणि शेवटी कापडी पिशव्यांची गाळणी, अशी साखळी तयार झाली. जर्मनीने 1990 साली डायॉक्सिनची मर्यादा एका घनमीटर धुरात 0.1 नॅनोग्रॅम अशी ठरवली आणि पुढे तीच अनेक देशांत प्रमाण मानली गेली. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा, तर कोयनेसारखी तीन धरणे तुडुंब भरतील त्याहूनही अधिक आकारमानाच्या वायूत मिळून केवळ एक ग्रॅम विष, एवढी ती मर्यादा कडक आहे.

भारतातला प्रवास दोन वाटांनी झाला. शहरी कचऱ्याची वाट लवकर अडखळली. दिल्लीत तिमारपूर येथे 1987 साली डॅनिश तंत्रज्ञानाने रोज 300 टन कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला, पण तो अवघ्या तीनेक आठवड्यांत थांबला. यंत्राला किलोमागे सुमारे 1,460 किलोकॅलरी उष्मांकाचा कचरा हवा होता. प्रत्यक्षात येणाऱ्या ओल्या, मातीमिश्रित कचऱ्यात 600 ते 700च भरत होते. एक किलो पाण्याची वाफ करायलाच 540 किलोकॅलरी लागतात, हे लक्षात घेतले की बाकी हिशेब आपोआप सुटतो. आपल्या साखर कारखान्यांचा बगॅस, म्हणजे उसाचे चिपाडही निम्मे ओलेच असते, पण उरलेला निम्मा भाग बहुतांशी तंतू असतो. भाजीबाजारातल्या कचऱ्याचे तसे नाही. 2016च्या घनकचरा नियमांनीही उष्मांकाचाच निकष धरला आणि किलोमागे 1,500 किलोकॅलरी किंवा अधिक भरणारा, पुनर्प्रक्रिया न होणारा कचरा डेपोत न पुरता ऊर्जेसाठीच वापरावा असे सांगितले.

वैद्यकीय कचऱ्याच्या वाटेवर आधी न्यायालय आले. मार्च 1996मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील 50 आणि त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांना स्वतःचा इन्सिनरेटर किंवा तितकाच परिणामकारक पर्याय बसवण्याचा आदेश दिला. हेतू योग्य होता, पण त्या काळात देशभर रुग्णालयांच्या आवारात लहान लहान भट्ट्या उभ्या राहिल्या आणि दिवसातून तास-दोन तास पेटवून विझवल्या जाऊ लागल्या. आमच्या जुन्या घरामागे अशा एका रुग्णालयाची भट्टी होती. दुपारी ती पेटली की दोरीवर वाळत घातलेल्या धोतरा-साड्यांवर काळे पापुद्रे येऊन बसत आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास संध्याकाळपर्यंत घरात राहत असे. आई धावत जाऊन कपडे काढायची. तेव्हा आम्हाला एवढेच कळत होते की चिमणी ठेंगणी आहे. भट्टी रोज थंडीतून पेटते, तिच्या विटा तापून-निवून तडकतात आणि दुसरी कोठडी तापायच्या आतच कचरा संपलेला असतो, हे पुष्कळ नंतर समजले.

20 जुलै 1998 रोजी देशात जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम लागू झाले. पहिल्या कोठडीत 800, दुसऱ्या कोठडीत 1,050 अंश तापमान, त्यात 50 अंशांची इकडेतिकडे सवलत, दुसऱ्या कोठडीत धुराचा मुक्काम किमान 1 सेकंद आणि चिमणी किमान 30 मीटर, अशा अटी त्यात होत्या. 28 मार्च 2016च्या नव्या नियमांनी मुक्काम 2 सेकंदांवर नेला, धुळीकणांची मर्यादा घनमीटरमागे 150 मिलिग्रॅमवरून 50वर आणली, डायॉक्सिनसाठी 0.1 नॅनोग्रॅमची मर्यादा प्रथमच घातली आणि 75 किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र उपलब्ध असेल, तर रुग्णालयाने स्वतःची भट्टी उभारू नये असे सांगितले.

एका सेकंदाचे दोन सेकंद, हा बदल कागदावर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात काय होते ते पाहू. समजा, भट्टीतून 30 अंशांच्या हिशेबाने ताशी 1,000 घनमीटर वायू निघतो. तो 1,050 अंशांवर तापला की सुमारे 4.4 पट फुगतो, म्हणजे ताशी 4,400 घनमीटर, सेकंदाला साधारण 1.2 घनमीटर. त्याला एक सेकंद थांबवायला 1.2 घनमीटरची कोठडी पुरे. दोन सेकंद थांबवायला 2.4 घनमीटरची हवी. विटांनी बांधलेली कोठडी रबरासारखी ताणता येत नाही. त्यामुळे जुन्या भट्टीच्या मालकापुढे कोठडी पाडून दुप्पट मोठी बांधणे किंवा तासाला जळणारा कचरा निम्म्यावर आणणे, एवढेच मार्ग उरले. शिवाय कोठडी नुसती मोठी करून भागत नाही. धूर तीत सरळ रेषेत निघून गेला तर कोपऱ्यांतली जागा वाया जाते, म्हणून वायू भोवऱ्यासारखा फिरेल अशा बेताने हवेची तोंडे तिरकी बसवावी लागतात. तापमान, वेळ आणि घुसळण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या नाहीत, तर एकटे तापमान उपयोगी पडत नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. पाण्याचा स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुणारी यंत्रणा, असलेल्या भट्टीच्या चिमणीतून थंडीच्या सकाळी पांढरा लोट निघतो आणि लोक घाबरतात. चिमणीपासून थोड्या अंतरावर जो लोट हवेत विरून जातो, ती बहुतांशी वाफ असते. जो करडा किंवा काळा पट्टा दूरवर टिकून राहतो, त्याची तक्रार जरूर करावी.

भट्टीची रचना कितीही सुधारली, तरी तिच्यात काय पडते यावर तिचे बरेचसे यश ठरते, आणि ते वॉर्डात ठरते. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जाळू नये, क्लोरीनच्या द्रावणात बुडवलेला कचरा भट्टीत टाकू नये, हे 1998पासून नियमांत आहे. 2016च्या नियमांनी पिवळी पिशवीसुद्धा क्लोरीनविरहित असावी असे सांगितले. सलाईनच्या नळ्या आणि सिरिंज लाल पिशवीत गेल्या तर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक होतात आणि त्यांचे प्लॅस्टिक पुनर्प्रक्रियेला जाते. त्याच नळ्या चुकून पिवळ्या पिशवीत पडल्या तर त्यातला क्लोरीन थेट धुरात येतो. रात्रपाळीच्या सिस्टरने घाईत हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशक द्रावणात, बुडवलेला कापूस पिवळ्या पिशवीत टाकला, तर चिमणीशेजारच्या यंत्रणेला तो क्लोरीन परत पकडावा लागतो, आणि कॉस्टिकचे पाणी त्या दिवशी पातळ झालेले असेल तर तो पकडलाही जात नाही.

आता सामायिक केंद्रांच्या भट्ट्यांमध्ये कचरा आत ढकलणारी यंत्रणा तापमानाशी जोडलेली असते आणि चिमणीतल्या वायूंची मोजमापे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सतत जात असतात. मी पाहिलेल्या त्या केंद्रात पहाटे डिझेलच्या बर्नरने दोन्ही कोठड्या तापवणे सुरू झाले होते. ट्रॉलीत पिवळ्या पिशव्या भरून तयार होत्या, गाड्या बाहेर थांबल्या होत्या, आणि फलकावरचा दुसऱ्या कोठडीचा आकडा 980, 1,010, 1,030 असा सावकाश चढत होता. कामगाराने बटण दाबून पाहिले. दार हलले नाही. तो हातमोजे काढून बाजूच्या बाकावर बसला आणि आकडा 1,050ला पोहोचेपर्यंत बसून राहिला.